वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतील फ्रॅटर्निटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैन्यातील नोकरी संपवून शिकायला आलेले, अर्धवट राहिलेली पदवी तिशीत पुरी करू पाहणारे, जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत येऊन नव्याने शिक्षण सुरू केलेले, असे अनेक विद्यार्थी तिथल्या कॅम्पसवर पाऊल ठेवतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना ग्रीक अक्षरे छापलेले टीशर्ट घालून माहितीपत्रके वाटणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुले दिसतात. हे आपल्यासाठी आहे की नाही, असा प्रश्न तेव्हा पडतो. त्या प्रश्नाच्या पोटातले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

फ्रॅटर्निटी म्हणजे नेमके काय? सगळ्या फ्रॅटर्निटी सारख्याच असतात का?

फ्रॅटर्निटी ही विद्यार्थ्यांची सदस्यत्वावर चालणारी संघटना असून एका कॉलेजातील तिच्या शाखेला चॅप्टर म्हणतात. ग्रीक अक्षरांच्या नावांची परंपरा ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासून धरली जाते, पण ती संस्था पुढे अभ्यासातील गुणवत्तेचा सन्मान करणारी संस्था बनली. आज जिला आपण फ्रॅटर्निटी म्हणतो तिचा साचा न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजात घडला. तिथे १८२५ मध्ये कॅपा अल्फा सोसायटी आणि १८२७ मध्ये सिग्मा फाय व डेल्टा फाय सुरू झाल्या.

वयाने मोठ्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा हे समजून घ्यावे की ग्रीक अक्षरे लावणाऱ्या सगळ्या संघटना एका जातीच्या नसतात. स्वतःचे घर, पार्ट्या आणि गुप्त दीक्षाविधी यांसाठी ओळखल्या जातात त्या सोशल फ्रॅटर्निटी. एखाद्या व्यवसायाभोवती उभ्या असलेल्या वेगळ्या, समाजसेवा करणाऱ्या वेगळ्या, आणि केवळ गुणांवर निमंत्रण देणाऱ्या सन्मान-संस्था त्याहून वेगळ्या. प्रश्न विचारणारे बहुतेक जण पहिल्या प्रकाराबद्दल विचारतात. त्यांच्या सोयीचा प्रकार मात्र अनेकदा दुसरा किंवा तिसरा असतो.

वयाची कमाल मर्यादा असते का?

बहुतेक राष्ट्रीय संघटनांच्या नियमांत अशी मर्यादा नसते. अट असते ती विद्यार्थी म्हणून तुमच्या स्थितीची. त्या कॉलेजात तुमचे नाव दाखल असले पाहिजे, बहुतेक ठिकाणी तुम्ही पूर्णवेळ आणि पदवीपूर्व विद्यार्थी असले पाहिजे, आणि गुणांची सरासरी ठरलेल्या पातळीच्या वर असली पाहिजे. कित्येक कॉलेजांत पहिल्या सत्रात प्रवेशच देत नाहीत. आधी त्या कॅम्पसवर काही क्रेडिट मिळवावी लागतात, आणि हा नियम दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेल्या तिशीतल्या विद्यार्थ्यालाही तसाच लागू होतो. तुमचे गुण चॅप्टरला कळवण्यासाठी कॉलेज तुमची लेखी संमती मागते, कारण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा संघराज्यीय कायदा तसे बंधन घालतो.

तेव्हा नियमांच्या कागदावर वय आडवे येत नाही. ते आडवे येते सदस्यांच्या मतदानात, आणि त्या मतदानाचे कारण कोणी तुम्हाला सांगत नाही.

'वयाने मोठा' कोणाला म्हणायचे?

सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या अर्जात चोवीस वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी आईवडिलांपासून आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र धरला जातो. शिक्षणविषयक आकडेवारी गोळा करणारे लोक वयापेक्षा परिस्थिती पाहतात, म्हणजे शाळा संपल्यावर पडलेला खंड, पूर्णवेळ नोकरी, अवलंबून असलेली मुले. फ्रॅटर्निटीच्या घरातला हिशेब याहून कडक असतो, कारण तिथे बहुसंख्य सदस्य अठरा ते बावीस वर्षांचे असतात आणि तेविशीतला माणूसही त्यांना 'मोठा' वाटतो. तेवीस-चोवीसच्या विद्यार्थ्याला, विशेषतः तो दिसायला आणि वागायला त्यांच्यात मिसळणारा असेल तर, फारशी अडचण येत नाही. अठ्ठाविशीनंतर परिस्थिती बदलते, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत तेच वय डोळ्यांसमोर ठेवले आहे.

मी महाराष्ट्रातून मास्टर्ससाठी आलो आहे. मला सोशल फ्रॅटर्निटीत जाता येईल का?

बहुधा नाही. मुंबई-पुण्याकडून जाणारे बहुसंख्य विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, आणि सोशल फ्रॅटर्निटीचे दैनंदिन सदस्यत्व मुख्यतः पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी असते. काही संघटनांच्या नियमांत पदव्युत्तर विद्यार्थ्याला वाव आहे, परंतु चॅप्टर तो क्वचितच वापरतात. व्यावसायिक आणि सेवा-फ्रॅटर्निटींत मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जागा असू शकते. त्या चॅप्टरच्या अध्यक्षाला सरळ ईमेल करून विचारलेले बरे.

आफ्रिकी-अमेरिकी परंपरेतील नऊ संघटनांचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यांच्या शिखर परिषदेची स्थापना १९३० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात झाली. या संघटनांचे पदवीधरांचे स्वतंत्र चॅप्टर असतात, आणि पदवी घेतलेल्या प्रौढ माणसाला त्यांच्यामार्फत, कॉलेज सोडून कितीही वर्षे झाली असली तरी, सदस्यत्व मागता येते. अल्फा फाय अल्फा ही १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेली संघटना त्यांतलीच. तिथे सदस्यत्व हे आयुष्यभराचे सामाजिक काम मानले जाते, त्यामुळे चाळिशीतला नवा सदस्य कोणाला विचित्र वाटत नाही. मात्र त्या समाजाच्या कामाशी तुमचे खरे नाते नसेल, तर केवळ वाट मोकळी आहे म्हणून तिकडे वळणे योग्य नव्हे.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनी फ्रॅटर्निटीत जाणे ही नवी गोष्ट आहे का?

मुळीच नाही, उलट काही संघटनांचा पायाच अशा विद्यार्थ्यांनी घातला आहे. १९०४ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू झालेली अकेशिया ही फ्रॅटर्निटी आरंभी केवळ फ्रीमेसन, म्हणजे फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंघटनेचे सदस्य असलेल्या, विद्यार्थ्यांसाठी होती. फ्रीमेसन होण्यासाठी माणूस सज्ञान असावा लागे, त्यामुळे तिचे सुरुवातीचे सदस्य साहजिकच इतर विद्यार्थ्यांहून वयाने मोठे होते. अल्फा फाय ओमेगा ही सेवा-फ्रॅटर्निटी १६ डिसेंबर १९२५ रोजी पेनसिल्व्हेनियातील लाफायेट कॉलेजात स्थापन झाली. तिचे मुख्य संस्थापक फ्रँक रीड हॉर्टन हे पहिल्या महायुद्धात नौदलात काम करून आलेले आणि तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असलेले विद्यार्थी होते. स्काउट चळवळीची तत्त्वे कॉलेजात आणावीत हा त्यांचा विचार युद्ध पाहिलेल्या माणसाचा होता. विशीतल्या मुलाला तो कदाचित सुचला नसता.

त्यानंतर २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जीआय बिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये कॉलेज प्रवेशांपैकी ४९ टक्के प्रवेश या माजी सैनिकांचे होते. त्या काळातील फ्रॅटर्निटीच्या घरांत पंचविशीतला, लढाई पाहिलेला, कधी लग्न झालेला सदस्य ही नित्याची गोष्ट होती.

सर्वांत बोलके उदाहरण आयोटा फाय थीटाचे आहे. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात, म्हणजे आजच्या विद्यापीठात, १९ सप्टेंबर १९६३ रोजी बारा विद्यार्थ्यांनी ती स्थापन केली. त्यांच्यापैकी बरेच जण वर्गमित्रांपेक्षा तीन ते पाच वर्षांनी मोठे होते. काही सैन्यात राहून आलेले, काही लहान मुलांचे बाप, आणि जवळजवळ सगळे पूर्णवेळ नोकरी सांभाळून पूर्णवेळ शिकणारे. आधीपासून असलेल्या संघटनांत स्वतःला कोंबण्यापेक्षा त्यांनी आपल्या जबाबदाऱ्यांना आणि वयाला शोभेल अशी संघटना काढली, आणि ती आज वर उल्लेखलेल्या नऊ संघटनांपैकी एक आहे.

प्रवेशाची प्रक्रिया कशी असते आणि वय तिच्यात कुठे अडते?

सत्राच्या सुरुवातीला 'रश' नावाचा भरतीचा काळ असतो. त्या दिवसांत इच्छुक विद्यार्थी निरनिराळ्या घरी जाऊन सदस्यांना भेटतात, जेवतात, खेळतात, गप्पा मारतात. मग चॅप्टर बंद दाराआड चर्चा करून मतदान करतो आणि ज्यांना घ्यायचे त्यांना 'बिड' म्हणजे निमंत्रण देतो. बिड स्वीकारणारा काही आठवडे नवा सदस्य म्हणून राहतो, या अवस्थेला पूर्वापार 'प्लेज' म्हणतात, आणि शेवटी दीक्षाविधी होऊन तो पूर्ण सदस्य होतो. काही संघटनांनी ही मधली अवस्थाच काढून टाकली आहे: झीटा बीटा टाउने १९८९ मध्ये आणि सिग्मा अल्फा एप्सिलॉनने मार्च २०१४ मध्ये. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याने अशा संघटनांकडे आधी पाहावे, कारण अडतिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हुकमाने झाडू मारण्यात कोणाचेही चारित्र्य घडत नाही.

बंद दाराआडच्या चर्चेत जे बोलले जाते ते साधारण असे असते. हा माणूस आपल्यात किती वेळ काढणार? नोकरी आणि घर सांभाळून सोमवारच्या सभेला येणार का? चार वर्षे राहणार की दीड वर्षात पदवी घेऊन जाणार? फ्रॅटर्निटीची अर्थव्यवस्था सदस्य किती सत्रे वर्गणी भरतो यावर चालते, आणि तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आलेला विद्यार्थी या हिशेबात तोट्याचा ठरतो. त्याहून नाजूक शंकाही असते: अठरा वर्षांच्या मुलामुलींच्या पार्टीत या माणसाला काय हवे आहे? ही शंका अन्यायाची वाटेल, पण चॅप्टरमधील जबाबदार सदस्याने ती विचारणे योग्यच आहे.

या शंकांना भाषण देऊन उत्तर मिळत नाही. पहिल्याच भेटीत आपले वेळापत्रक स्पष्ट सांगणे, दिवसाच्या कार्यक्रमांना, खेळांना, समाजकार्याला जाणे आणि रात्रीच्या पार्ट्यांना मुद्दाम कमी जाणे, सैन्यातील किंवा नोकरीतील अनुभव विचारल्याशिवाय न सांगणे, हे उपयोगी पडते. सल्ला देण्याची सवय असलेल्या माणसाला शेवटची गोष्ट सर्वांत कठीण जाते.

वय लपवावे का?

लपवू नये. अर्जात आणि विम्याच्या कागदांवर जन्मतारीख असतेच, आणि पुढे उघड झाल्यावर जो संशय निर्माण होतो तो वयापेक्षा महाग पडतो. मात्र टीशर्टवर लिहिल्यासारखे ते सतत सांगत फिरण्याचेही कारण नाही.

कोणत्या चॅप्टरकडे जावे?

ज्या कॅम्पसवर वयाने मोठे विद्यार्थी मुळातच भरपूर आहेत तिथे गोष्टी सोप्या होतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील स्कूल ऑफ जनरल स्टडीज हे याचे चांगले उदाहरण आहे. १९४७ मध्ये, युद्धावरून परतलेल्यांची लाट असताना, ते आजच्या रूपात आले. शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्यांसाठीच ते आहे, आणि तिथले विद्यार्थी कोलंबियाच्या फ्रॅटर्निटींत व सोरॉरिटींत, म्हणजे विद्यार्थिनींच्या अशाच संघटनांत, सामील होऊ शकतात. याउलट, शहरापासून दूर असलेल्या लहान निवासी कॉलेजात सगळेच विद्यार्थी एका वयाचे असतात. काही ठिकाणी तर प्रश्नच उद्भवत नाही: मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजाने १९६० च्या दशकात आणि मेनमधील कोल्बी कॉलेजाने १९८४ मध्ये फ्रॅटर्निटी बंद केल्या. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत सोशल फ्रॅटर्निटी सहसा नसतातच. तिथे फाय थीटा कॅपा ही सन्मान-संस्था असते, आणि तिच्या निमंत्रणाचा संबंध गुणांशी असतो, वयाशी नाही.

एखादी राष्ट्रीय संघटना तुमच्या कॉलेजात नवा चॅप्टर उभारत असेल, तर ती संधी सोडू नये. अशा स्थापनेच्या गटाला हिशेब ठेवणारे, विद्यापीठाच्या कार्यालयाशी नीट पत्रव्यवहार करणारे, सभेचे इतिवृत्त लिहू शकणारे लोक हवे असतात, आणि तिथे अजून कोणतीही रूढी बसलेली नसल्याने 'आमच्याकडे असेच चालते' हे वाक्य ऐकावे लागत नाही. जुन्या, मोठे घर असलेल्या, फुटबॉलच्या मोसमाभोवती जगणाऱ्या चॅप्टरमध्ये तीस वर्षांच्या माणसाला जागा मिळणे अवघड असते, आणि मिळाली तरी ती सुखाची असेलच असे नाही.

माजी सैनिकांसाठी ओमेगा डेल्टा सिग्मा ही स्वतंत्र फ्रॅटर्निटी आहे. १९९९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ती सुरू झाली आणि तिच्यात स्त्री-पुरुष दोघांनाही प्रवेश आहे. सेवेची आवड असेल तर अल्फा फाय ओमेगा, जिने १९७६ पासून स्त्रियांनाही सदस्यत्व दिले, हा मोठ्या वयासाठी सर्वांत मोकळा पर्याय आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी न्यूयॉर्क विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा कॅपा साय, १९०४, आणि डेल्टा सिग्मा पाय, १९०७, या व्यावसायिक फ्रॅटर्निटी आहेत. नोकरीचा अनुभव असलेला सदस्य तिथे ओझे वाटत नाही, कारण बाकीच्यांना नेमके तेच हवे असते.

दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटी असतात असे ऐकले आहे. तिथे वय चालते का?

अशा संघटना आहेत. आयोटा नू डेल्टा १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे, डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात आणि बीटा काय थीटा १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाली. त्यांचे चॅप्टर तुलनेने लहान असतात आणि बहुतेकांना स्वतःचे मोठे घर नसते, त्यामुळे बाहेर राहणाऱ्या सदस्याला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही. मात्र तिथले बहुतेक सदस्य अमेरिकेत जन्मलेली किंवा वाढलेली मुले असतात. पुण्याहून थेट आलेल्या पस्तिशीच्या माणसाला 'देशी' म्हणून आपोआप जवळीक मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. त्या मुलांच्या दृष्टीने तो मित्रापेक्षा काकांच्या पिढीचा असतो. नव्या सदस्याला जो 'बिग ब्रदर' नेमून दिला जातो तो एकवीस वर्षांचा असू शकतो. वयाने लहान असलेल्याला दादा मानण्याची ही तयारी मनापासून असेल तरच पुढे जावे.

खर्च किती येतो?

घरभाडे सोडून प्रत्येक सत्राची वर्गणी शेकड्यांत असते आणि मोठ्या कॅम्पसवरील सोशल फ्रॅटर्निटींत हजार डॉलरच्या पुढेही जाते. पहिल्या सत्रात नवसदस्य-शुल्क, दीक्षाशुल्क आणि विम्याचा वाटा वेगळा पडतो. सेवा आणि व्यावसायिक फ्रॅटर्निटी बऱ्याच स्वस्त असतात. बिड स्वीकारण्यापूर्वी पहिल्या वर्षाचा संपूर्ण खर्च लेखी मागावा, आणि त्यात कार्यक्रमांचे दंड, कपडे, सहली यांचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. माजी सैनिकांना २००९ पासून लागू असलेल्या नव्या जीआय बिलातून वर्गणी भरता येत नाही. त्यातील मासिक निवास-भत्ता मात्र थेट विद्यार्थ्याच्या हाती येतो, आणि तो कुठल्या भाड्यावर खर्च करायचा हे त्याचे तो ठरवतो.

चॅप्टरच्या घरात राहावेच लागते का? माझे लग्न झाले आहे.

काही चॅप्टरमध्ये एक किंवा दोन वर्षे घरात राहण्याची अट असते, कारण खोल्या रिकाम्या राहिल्या तर घराचे कर्ज फेडता येत नाही. विवाहित किंवा मुले असलेल्या विद्यार्थ्याला यातून सूट देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, परंतु ती तोंडी आश्वासनावर सोडू नये. घरात राहणार नसाल तर त्याऐवजी वेगळे शुल्क घेतले जाते का, हेही विचारावे. पत्नीला किंवा पतीला आठवड्याचे वेळापत्रक आधीच दाखवावे. दीक्षेपूर्वीच्या आठवड्यांत संध्याकाळी घरी उशिरा पोहोचणे हे नोकरी आणि अभ्यासाच्या वर येऊन पडते.

माझे वय एकवीसहून जास्त आहे. दारूच्या बाबतीत माझी जबाबदारी काय?

या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. १९८४ च्या संघराज्यीय कायद्यानंतर सर्व राज्यांत दारू विकत घेण्याचे किमान वय एकवीस झाले. चॅप्टरमधील निम्म्याहून अधिक सदस्य सहसा त्याखालचे असतात. अशा गटात आलेला तीस वर्षांचा माणूस म्हणजे कायद्याने दुकानात जाऊ शकणारा माणूस, आणि काही चॅप्टरना तो नेमका त्याच कारणासाठी हवा असतो. कधी विनंती म्हणून, कधी थट्टेत, कधी नव्या सदस्याचे काम म्हणून त्याला खरेदीला पाठवले जाते. एकवीसपेक्षा लहान व्यक्तीला दारू पुरवणे हा गुन्हा आहे, आणि त्या व्यक्तीचे काही बरेवाईट झाले तर प्रकरण किरकोळ दंडावर थांबत नाही.

दिवाणी दाव्यांचा धोका निराळा. अपघातानंतर दावे राष्ट्रीय संघटनेवर होतात, चॅप्टरवर होतात आणि हजर असलेल्या सदस्यांवर वैयक्तिकही होतात. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या नावावर सहसा काही नसते. तुमच्या नावावर घर, बचत, कदाचित चालू धंदा असतो, आणि वकील ते शोधून काढतात. फ्रॅटर्निटीचा विमा नियमभंगाच्या प्रसंगी सदस्याला संरक्षण देईलच असे नाही, म्हणून सामील होण्यापूर्वी स्वतःच्या गृहविम्याच्या एजंटशी बोलावे.

बहुसंख्य पुरुष फ्रॅटर्निटींच्या परिषदेने, म्हणजे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सने, सप्टेंबर २०१९ पासून चॅप्टरच्या घरांत आणि कार्यक्रमांत १५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांना, परवानाधारक विक्रेता वगळता, मनाई केली. फाय डेल्टा थीटाने तर २००० सालापासूनच आपली घरे दारूमुक्त ठेवण्याचे धोरण घेतले. नियम चांगले आहेत. ते पाळले जातात का, हे रशच्या शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर कळते.

हेझिंग, म्हणजे नव्या सदस्याचा केला जाणारा छळ, मोठ्या वयाच्या सदस्यालाही सोसावे लागते का? भारतातील रॅगिंगसारखेच ते असते का?

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला विषय परका नाही. पण वसतिगृहातले रॅगिंग हे केवळ नवा आलास म्हणून वाट्याला येते, तर हेझिंग सदस्यत्वाची किंमत म्हणून मागितले जाते आणि सोसणारा 'मी स्वतःच होकार दिला' असे समजत राहतो. कायदा तसे समजत नाही. टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत पीडिताची संमती हा आरोपीचा बचाव होऊ शकत नाही.

वयाने मोठ्या माणसाला हेझिंग सोसावे लागण्यापेक्षा ते पाहून गप्प बसण्याची पाळी अधिक वेळा येते, आणि तिथेच खरी कसोटी असते. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बीटा थीटा पायच्या घरात टिमोथी पियाझा हा एकोणीस वर्षांचा नवा सदस्य भरपूर दारू पाजल्यानंतर तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात माणसे होती, पण मदत बोलावायला सुमारे बारा तास गेले, आणि ४ फेब्रुवारीला त्याचा मृत्यू झाला. पेनसिल्व्हेनियाने पुढच्या वर्षी त्याच्या नावाने हेझिंगविरोधी कायदा केला. अशा खोलीत तुम्ही सर्वांत मोठे असाल, तर ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करणे हे तुमचेच काम आहे, आणि त्यासाठी चॅप्टरच्या अध्यक्षाची परवानगी लागत नाही. फ्लोरिडाच्या २०१९ च्या कायद्यात मदत बोलावून तिथे थांबणाऱ्याला खटल्यापासून संरक्षणही दिले आहे.

चॅप्टर निवडताना आता एक साधन हाताशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघराज्यीय स्टॉप कॅम्पस हेझिंग कायद्याने कॉलेजांना हेझिंगबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करणे बंधनकारक केले आहे. बिड घेण्यापूर्वी आपल्या कॉलेजाचा अहवाल उघडून त्या चॅप्टरचे नाव शोधावे.

मी एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. काही अडचण?

सदस्यत्वाला व्हिसाची अडचण नाही. अडचण होते ती अटकेने. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली, तर न्यायालयाचा निकाल लागण्याआधीही व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजा अनेक राज्यांत कायदेशीर झाला असला तरी संघराज्यीय कायद्याने तो नाही, आणि परदेशी नागरिकाचे प्रकरण संघराज्यीय कायद्यानेच पाहिले जाते. ग्रीन कार्डधारकानेही हे विसरू नये. सहसदस्याला जी चूक पाचशे डॉलरच्या दंडात सुटते ती तुम्हाला देशाबाहेर काढू शकते.

स्त्रियांसाठी काय परिस्थिती आहे?

सोरॉरिटींची औपचारिक भरती अधिक काटेकोर असते आणि अनेक कॅम्पसवर प्रथम वर्षाच्या मुलींना झुकते माप मिळते. मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीने त्या गर्दीत शिरण्यापेक्षा नंतर चालणाऱ्या खुल्या भरतीची वाट पाहावी. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या अनेक संघटना प्रौढ स्त्रियांना माजी सदस्यांच्या गटात थेट दीक्षा देतात. त्यासाठी विद्यार्थिनी असण्याची गरज नसते, मात्र तेव्हा कॉलेजातील दैनंदिन जीवन वाट्याला येत नाही.

विशीत मी एका फ्रॅटर्निटीचा सदस्य होतो आणि शिक्षण सोडले. आता दुसरीत जाता येईल का?

दीक्षा झाली असेल तर दुसऱ्या सोशल फ्रॅटर्निटीत सहसा जाता येत नाही, कारण सदस्यत्व आयुष्यभराचे मानले जाते. नव्या कॉलेजात त्याच संघटनेचा चॅप्टर असेल, तर तिथे संलग्न होण्यासाठी मागणी करता येते, आणि ती मान्य करायची की नाही हे तो चॅप्टर ठरवतो. व्यावसायिक किंवा सेवा-फ्रॅटर्निटीला हे बंधन नसते. दीक्षेपूर्वीच सोडले असेल तर वाट मोकळी आहे.

नोकरी मिळवण्यासाठी उपयोग होतो का?

बावीस वर्षांच्या मुलाला माजी सदस्यांच्या ओळखींचा जो उपयोग होतो तो तुम्हाला कमी होईल, कारण तुमचा अनुभव आणि ओळखी आधीच आहेत. त्या ओळखी वाढवायच्या असतील तर व्यावसायिक फ्रॅटर्निटी हा सरळ मार्ग आहे. सोशल फ्रॅटर्निटीत केवळ नोकरीसाठी जाणे हा वेळेचा आणि पैशाचा वाईट व्यवहार आहे. मित्र हवेत, एका परंपरेचा भाग व्हायचे आहे, कॉलेज म्हणजे केवळ वर्ग आणि पार्किंग एवढेच राहू नये असे वाटते, ही कारणे मात्र तिशीतही तितकीच खरी असतात.

बिड मिळाली नाही, किंवा घेतल्यावर जमेनासे झाले, तर?

बिड न मिळाल्यास कारण विचारून उपयोग होत नाही, पण पुढच्या सत्रात पुन्हा जाता येते, आणि वसंत ऋतूतील भरती लहान व कमी औपचारिक असल्याने मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला ती अधिक सोयीची ठरते. एखाद्या चॅप्टरशी चांगले जमले असूनही केवळ वयामुळे सदस्यत्व मिळाले नसेल, तर काही संघटना अशा माणसाला सल्लागार म्हणून घेतात, आणि कधीकधी पुढे त्याला दीक्षाही देतात.

दीक्षेपूर्वी सोडायचे असल्यास अध्यक्षाला आणि कॉलेजातील फ्रॅटर्निटी कार्यालयाला लेखी कळवणे पुरेसे असते. दीक्षेनंतर राजीनामा राष्ट्रीय कार्यालयाकडे द्यावा लागतो, आणि तोपर्यंतची वर्गणी थकली असेल तर ती वसुली कंपनीकडे जाऊन तुमच्या पतनोंदीवर येऊ शकते. म्हणून राजीनाम्याची पोच आणि थकबाकी नसल्याचे पत्र एकाच वेळी मागून घ्यावे.